हिवाळ्यात चार-पाच महिने मोटारसायकल बंद ठेवायची आहे: इंजिन अधूनमधून सुरू करावे का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एका सिलिंडरची, कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटारसायकल आहे. मी राहतो तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो आणि तो वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते, त्यामुळे चार ते पाच महिने गाडी बाहेर काढता येत नाही. ठेवायला बंद खोली आहे, तिला छप्पर आणि दार आहे, परंतु ती गरम केलेली नाही. कडाक्याच्या थंडीत आतले तापमानही शून्याच्या खाली जाते. खोलीत विजेची सोय आहे.

या बाबतीत मला मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवावे, म्हणजे ऑइल सर्व भागांत फिरते आणि बॅटरीही चार्ज राहते. एका परिचितांच्या मते टाकी पूर्ण रिकामी करावी, तर दुसऱ्यांच्या मते ती काठोकाठ भरून ठेवावी. बॅटरी घरात आणून ठेवली नाही तर ती गोठून फुटते, असेही ऐकले आहे. गाडी जुनी असली तरी उत्तम स्थितीत आहे आणि ती तशीच राहावी अशी मनापासून इच्छा आहे. कोणती गोष्ट का करावी, हे कारणांसह कोणी समजावून सांगितले तर फार उपयोग होईल, कारण कारण कळले की आपल्या परिस्थितीनुसार निर्णय घेणे सोपे जाते.

उत्तर १

मी दुचाकी दुरुस्तीचे काम करतो आणि दर वसंतात हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन सुरू करू नका. हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, परंतु त्याने इंजिनाचे नुकसानच होते.

पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापलेले असतील तर ही वाफ निघून जाते. गार खोलीत उभ्या गाडीचे इंजिन दहा मिनिटे चालवले, तर बाहेरून हात लावल्यावर ते तापलेले वाटते, पण आतले ऑइल आणि सायलेन्सरचे मागचे टोक त्या तापमानाला पोहोचलेले नसते. वाफ तिथेच थंड होऊन पाणी साचते. शिवाय पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर खाली ऑइलमध्ये उतरतोच, आणि त्याच्याबरोबर पाणी व न जळलेले पेट्रोलही उतरते. ऑइल पुरेसे तापले तरच ते उडून जाते. नाहीतर ऑइलच्या टोपीखाली दुधाळ, पांढरट थर दिसू लागतो. सायलेन्सर आतून गंजतात तेही याच कारणाने. गाडी रस्त्यावर नेऊन अर्धा-पाऊण तास भाराखाली चालवता येत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसे करता येत असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. तेव्हा एकदा नीट तयारी करावी आणि वसंतापर्यंत इंजिनाला हात लावू नये.

त्या तयारीतला पहिला भाग ऑइल बदलण्याचा. पुष्कळ जण हे काम हिवाळा संपल्यावर करतात, पण ते हिवाळ्याआधी करणे अधिक योग्य आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा मुरलेला असतो, आणि तो बेअरिंगांच्या पृष्ठभागाशी चार महिने संपर्कात राहणे चांगले नाही. शेवटच्या फेरीनंतर इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढावे, म्हणजे गाळही त्याच्याबरोबर निघतो. फिल्टर बदलावा, नवे ऑइल भरून काही मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे ते सर्वत्र पोहोचते. वसंतात ते पुन्हा बदलण्याची गरज नसते.

दुसरा भाग पेट्रोलचा, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत सर्वाधिक त्रास इथूनच होतो. उभ्या गाडीतल्या पेट्रोलमधील हलके, चटकन उडणारे घटक निघून जातात. इंजिन सुरू होण्यासाठी नेमके तेच लागतात. उरलेल्या भागाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट, राळेसारखा पदार्थ तयार होतो. फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या छोट्या वाटीत, पेट्रोल अगदी थोडे असते, म्हणून तिथे हे सर्वांत लवकर घडते, आणि त्याच बाऊलमध्ये पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालताना) पेट्रोल पुरवणारा बारीक भाग असतो, ज्याचे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. ते किंचित जरी बुजले तरी गाडी चोक दिल्याशिवाय आयडलिंगवर उभी राहत नाही. वसंतात माझ्याकडे येणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हीच तक्रार सर्वाधिक असते.

म्हणून टाकीत पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर त्याच्या बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालावे. ते ताज्या पेट्रोलमध्ये घालायचे असते, कारण खराब झालेले पेट्रोल त्याने सुधारत नाही. नंतर दहा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे मिसळलेले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येते. मग पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) बंद करून फ्लोट बाऊलच्या तळाचा स्क्रू सैल करावा आणि बाऊल एका भांड्यात पूर्ण रिकामा करावा. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवण्याची पद्धतही आहे, पण तिच्यात बाऊलच्या तळाशी थोडे पेट्रोल उरतेच, म्हणून मी स्क्रू उघडण्याच्या बाजूने आहे. काही गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो आणि त्यावर बंदची खूण नसते. तिथे इंजिन थांबताच प्रवाह थांबतो, फक्त बाऊल रिकामा केला की झाले.

टाकी पोलादी असेल तर भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेत हवा असते, हवेत ओलावा असतो, आणि तापमान उतरले की तो टाकीच्या आतल्या भिंतीवर दव होऊन बसतो. मात्र काठोकाठ भरू नये. पेट्रोल दर दहा अंश सेल्सिअसला सुमारे एक टक्का फुगते, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत २० अंशांच्या फरकाने जवळपास ३०० मिलिलिटर जागा लागते. भरणीच्या नळीच्या खालच्या कडेपर्यंत भरले की पुरे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त टाकीच्या बाबतीत एक पुरवणी जोडतो आणि मग बॅटरीकडे वळतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर भरलेली टाकी हे अर्धेच उत्तर आहे. इथेनॉल पाणी शोषते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साध्या तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेऊ शकते, आणि थंडी वाढते तशी ही क्षमता कमी होते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमके कॉकच्या तोंडाशी. एकदा असे विलगीकरण झाले की कोणतेही स्टॅबिलायझर ते मिश्रण परत जुळवू शकत नाही. ते सगळे काढूनच टाकावे लागते. म्हणून इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर हिवाळ्यापूर्वीची शेवटची भरणी त्याने करावी. ते मिळत नसेल तर टाकी भरलेली ठेवणे आणि झाकणाचे रबर शाबूत असल्याची खात्री करणे, एवढे आपल्या हातात आहे.

रिकामी टाकी हा पर्याय मी पूर्णपणे नाकारणार नाही. ज्या खोलीत गाडी ठेवायची तिथे ज्योतीवर चालणारा हीटर किंवा पाणी तापवण्याचा बंब असेल, तर पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत त्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. तशा ठिकाणी गाडी न ठेवणे उत्तम. अन्य जागाच नसेल तर टाकी रिकामी करून, वाळवून, आत थोडे इंजिन ऑइल घालून ती सर्व बाजूंनी फिरवावी, म्हणजे पत्र्यावर ऑइलचा पातळ थर बसतो. प्लॅस्टिकच्या टाकीला गंजाची भीती नसल्यामुळे ती रिकामी ठेवायला हरकत नाही.

आता बॅटरी. ती गोठून फुटते हे खरे आहे, पण फक्त उतरलेली बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरी उतरते तेव्हा आम्लातील सल्फेट शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसते आणि मागे जवळजवळ पाणीच उरते. असे द्रावण उणे १० अंशांच्या आसपास गोठते. पूर्ण चार्ज बॅटरीतील आम्ल मात्र उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. उलट थंडीत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पूर्ण चार्ज केलेली आणि गाडीपासून तोडलेली बॅटरी थंड खोलीत सुरक्षित राहते. ती घरात आणण्याचा खरा फायदा एवढाच की तिच्याकडे लक्ष राहते. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समज आजच्या प्लॅस्टिक आवरणाच्या बॅटऱ्यांना लागू नाही.

बॅटरी गाडीला जोडलेली ठेवली तर घड्याळ, अलार्म यांसारखी उपकरणे थोडा थोडा प्रवाह ओढत राहतात आणि छोटी बॅटरी काही आठवड्यांत खाली येते. उतरलेल्या अवस्थेत ती राहिली की पट्ट्यांवरचे सल्फेट कठीण स्फटिकांत बदलते आणि क्षमता कायमची घटते. काढताना प्रथम ऋण आणि नंतर धन टोक सोडवावे, बसवताना याच्या उलट. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरचा पाना चॅसिसला लागला तर सरळ शॉर्टसर्किट होते. चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवणारी बॅटरी पूर्ण भरलेली समजावी, १२.४ च्या खाली आली की पुन्हा चार्ज करावी.

आपल्या खोलीत वीज आहे, तेव्हा स्वयंचलित देखभाल-चार्जर हा सर्वांत निश्चिंत उपाय आहे. तो बॅटरी भरली की प्रवाह आवरता घेतो. मोटारीचा साधा चार्जर मात्र सतत जोडून ठेवू नका, कारण तो थांबत नाही आणि आतले पाणी उकळून उडवतो. साध्या चार्जरने करायचे असेल तर प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एकदशांश ठेवावा, म्हणजे ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.९ अँपिअर, आणि खोली हवेशीर असावी, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. लिथियम बॅटरी असल्यास तिच्यासाठीच बनवलेला चार्जर वापरावा आणि शून्य अंशांच्या खाली तिला चार्ज करू नये. तसे केल्यास आत लिथियम धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची बिघडते.

उत्तर ३

इंजिन आणि बॅटरीबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे. मला खोलीबद्दल आणि आवरणाबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या मते गाडीचा खरा शत्रू ओलावा आहे, थंडी नव्हे. कोरड्या थंडीत पोलाद वर्षानुवर्षे टिकते.

खोली सतत थंड असेल तर विशेष बिघडत नाही. बिघडते ते तापमान वर-खाली होत राहिल्यामुळे. अनेक दिवस गारठल्यानंतर अचानक उबदार, दमट हवा आली की धातू अजून थंडच असतो आणि त्या हवेतील ओलावा त्याच्यावर दव म्हणून बसतो. म्हणूनच मधूनमधून हीटर लावून खोली गरम करणे ही चांगली कल्पना नाही, आणि गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर तर स्वतःच हवेत पाण्याची वाफ सोडतो. जमीन ओल धरणारी असेल तर गाडीखाली जाड प्लॅस्टिक आणि त्यावर लाकडी फळी टाकावी. आवरण हवा खेळू देणारे असावे. जुनी सुती चादरही चालते. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक कधीही वापरू नये, कारण एकदा आत गेलेली ओल तिथेच कोंडून राहते आणि वसंतात आवरण काढल्यावर स्पोक, नट आणि क्रोमवर गंजाचे ठिपके दिसतात.

आवरणाआधी गाडी धुवावीच लागते आणि धुण्यापेक्षा वाळवणे महत्त्वाचे आहे. रस्त्यावरचे मीठ मडगार्डच्या आतल्या बाजूला, चेनकव्हरमागे आणि साइड स्टँडच्या सांध्यात अडकते. मीठ हवेतून ओल ओढते आणि गंज लावते. धुतल्यानंतर गाडी फिरवून आणून तापू द्यावी, म्हणजे कोपऱ्यांतले पाणी सुटते, आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकावी. चेन रॉकेलने पुसून, वाळवून तिला चेन ल्यूब लावावे. ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये, त्याने रबर खराब होते. रंगावर मेण आणि उघड्या धातूवर ऑइलचा पुसट हात द्यावा, मात्र ब्रेकची डिस्क आणि पॅड यांच्या जवळपासही तेलकट काही जाऊ देऊ नये. डिस्कवर येणारा हलका गंज पहिल्या काही ब्रेकिंगमध्ये निघून जातो. पॅडमध्ये मुरलेले तेल निघत नाही.

टायर एकाच जागी भार सोसत राहिले तर तिथे सपाट होतात. सेंटर स्टँड असेल तर एक चाक तरी आपोआप उचलले जाते. दुसऱ्यासाठी इंजिनाखाली भक्कम ठोकळा देता येतो, पण ठोकळा सायलेन्सरच्या नळीवर किंवा ऑइल फिल्टरवर टेकणार नाही, हे पाहावे. स्टँड नसेल तर हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत ठेवावी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी चाके पाव फेरी पुढे ढकलावीत. तापमान सहा अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, हेही ध्यानात असू द्यावे. ठिणग्या उडवणारी, सतत चालणारी मोटर टायरशेजारी नसावी, कारण तिच्या ठिणग्यांतून निघणाऱ्या ओझोनने रबराला बारीक तडे जातात.

उंदरांकडे लोक दुर्लक्ष करतात याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांनी केलेले नुकसान सर्वांत महाग पडते. एअर फिल्टरची पेटी त्यांना घरट्यासाठी फार आवडते आणि वायरिंगचे आवरण ते कुरतडतात. फिल्टरच्या पेटीचे तोंड आणि सायलेन्सरचे टोक स्टीलच्या काथ्याने किंवा घट्ट बसणाऱ्या बुचाने बंद करावे. त्याला लाल फीत बांधून तिचे दुसरे टोक हँडलला अडकवावे, म्हणजे वसंतात ते काढल्याशिवाय गाडी सुरू केली जाणार नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. घरात आता इंजिन सुरू करण्याचा आग्रह कोणी धरणार नाही, कारण एक लिटर पेट्रोलमागे एक लिटर पाणी, ही गोष्ट सर्वांना पटली. दोन शंका उरल्या आहेत. माझ्या भावाची गाडी इंधन-इंजेक्शनची आणि रेडिएटर असलेली आहे, तिच्यासाठी काय वेगळे करावे? आणि हिवाळा संपल्यावर पहिल्यांदा सुरू करताना कोणता क्रम ठेवावा?

उत्तर १ लिहिणाऱ्यांचे पुन्हा उत्तर

आपल्या भावाच्या गाडीत रिकामा करायला फ्लोट बाऊल नसतो. पंप आणि इंजेक्टर पेट्रोलने भरलेलेच राहू द्यावेत. स्टॅबिलायझर घालून इंजिन चालवले की ते इंजेक्टरपर्यंत पोहोचते. टाकी रिकामी करण्याचा पर्याय त्या गाडीसाठी मी सुचवणार नाही, कारण बहुतेक गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो आणि कोरडा पडल्याने त्याचे सील आकसू शकतात. रेडिएटरच्या बाबतीत मात्र हयगय नको. आत नुसते पाणी किंवा फार पातळ केलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) असेल तर गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि रेडिएटर किंवा सिलिंडर ब्लॉकलाच तडा जातो. कूलंटमध्ये ग्लायकॉल (गोठण रोखणारा द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असेल तर ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात कोणी वरून पाणी घातले असेल तर प्रमाण बदललेले असते, म्हणून हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाने) तपासून घ्यावे.

दोन्ही गाड्यांचे ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर तेही याच वेळी बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंश आहे. ओलाव्यामुळे कॅलिपरचे पिस्टनही आतून गंजतात.

वसंतात प्रथम सायलेन्सर आणि फिल्टरमधली बुचे काढा, मग बॅटरी जोडा आणि टायरमधील हवा गार अवस्थेत नेहमीच्या दाबावर आणा. जमिनीवर ऑइलचा डाग आहे का आणि पुढच्या फोर्कच्या नळीवर ओल आहे का, ते पाहा. क्लचच्या प्लेटा ऑइलच्या थराने एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे त्या सुटतात. हे न करता इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकला तर गाडी एकदम झेप घेते. नंतर आपल्या गाडीचा कॉक उघडून बाऊल भरेपर्यंत एक-दोन मिनिटे थांबा आणि फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी झडप) अडकून पेट्रोल बाहेर येत नाही ना, हे पाहा. येत असेल तर बाऊलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यास सुई बहुधा मोकळी होते. सुरू झाल्यावर रेस करू नका. ऑइलचा दिवा असेल तर तो काही सेकंदांत विझायला हवा, न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करा. पहिल्या फेरीत ब्रेक मोकळ्या रस्त्यावर हलक्या हाताने अनेकदा लावून डिस्क साफ होऊ द्या, आणि रस्त्याच्या कडेला व वळणांवर हिवाळ्यातली वाळू व खडी अजून पडलेली असते, तिथे गाडी तिरपी करू नका.